श्रावणातले कोसे

“मटण बंद, मासोळी बंद, अंडंबी बंद, मग कोशातला किडा कसा चालते बाबा आपल्याले?”

प्रश्न कीर्तीचा नव्हता. तो तृप्तीनं मधल्या सुट्टीत, डब्यातला साबुदाणा चिवडता चिवडता शोधून काढला होता आणि अंजूनं त्याला नीट धार लावून दिली होती. पैज अशी, की कीर्तीनं तो जसाच्या तसा, एक शब्द इकडचा तिकडे न करता, रविवारी जेवताना बाबांना विचारायचा. विचारला तर पुढचा आठवडा खिडकीजवळची जागा तिची. नाही विचारला तर तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेतला पहिला नंबर तिनं परत करावा, कारण माईकवर तर कोणीही बोलते, असं तृप्तीचं म्हणणं. कीर्तीनं विचारला, आणि आवाज छान लागला हे तिचं तिलाच कळलं. आठवीपर्यंत हजेरी देतानाही जिचा गळा दाटायचा, तिला दहावीत एकाएकी स्वतःचा आवाज सापडला होता. नवी सायकल मिळालेलं पोर कोपऱ्यावरून मीठ आणायलासुद्धा सायकलच काढतं, तशी ती हल्ली साध्या साध्या गोष्टींनाही तो आवाज काढून पाहायची. प्रश्न ताटांवरून गेला, भिंतीवरच्या जिवतीच्या कागदाला लागला आणि परत आला. बाबांचं बोट रश्शात थांबलं. आईनं मात्र कीर्तीकडे पाहिलं नाही. तिनं मागच्या दाराकडे पाहिलं, आणि हे कीर्तीनं तेव्हा नुसतं टिपून ठेवलं, जसं पाठ करायच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवतात.

ताटात पाटोडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या, पण मसाला सगळा मटणाचा. खसखस, भाजलेलं खोबरं, वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि तर्री अशी की डोळे मिटून वास घेतला तर रविवार ओळखू यावा. श्रावण लागून चार दिवस झाले होते आणि आईनं या चार दिवसांत मटणाला जितके पर्याय असतात तितके सगळे करून पाहिले होते. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या झाल्या, काटवलं झाली, रानातून बाजारात आलेल्या सात्या, म्हणजे अळंब्या, त्यासुद्धा झाल्या, ज्यांना दाताखाली थोडा मांसासारखा ताण येतो म्हणून बाबांनी दोनदा मागून घेतल्या. तरी त्यांचं बोट रश्शात काहीतरी शोधत असायचं. नळी शोधत असावं. बेसनाच्या वडीत नळी कुठून येणार, हे बोटाला कोणी सांगितलं नव्हतं. यापूर्वीचा श्रावण असा नसायचा. सोमवार-शनिवार पाळले की झालं; बाकी दिवशी नंदलाल, म्हणजे बाबा, कोणाच्या तरी शेतावर ‘पाऊसपाणी पाहायले’ जायचे आणि येताना हाताला साबणाचा जरा जास्तच वास यायचा. आई समजून न समजल्यासारखं करायची. पण चैत्रात बाबांच्या छातीत कळ आली, नागपूरला नेलं, दोन जाळ्या बसवल्या, आणि त्या दवाखान्याच्या लांबलचक पांढऱ्या गल्लीत, पाण्याच्या मशीनपाशी उभं राहून आईनं महादेवाला कबूल केलं, की हे घरी आले तं श्रावणभर माह्या घरात कोणताच जीव मरू देणार नाई. कीर्ती तेव्हा शेजारीच होती, हातात कागदी पेला धरून. आईच्या डोळ्यांपुढे तेव्हा कोंबडं असेल, बोकड असेल, माहेरी लाखांदूरकडे धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांधावर पकडलेले झिंगे असतील. ज्याच्या रेशमाच्या साड्या बाबा विणून विकतात, तो कोसा नक्कीच नसेल. कोसा म्हणजे माल. माल कधी मरतो का?

बाबांनी थोडा भात मागितला. आईनं वाढला. प्रश्नाला उत्तर कोणीच दिलं नाही, आणि कीर्तीनं सोमवारी तृप्तीला सांगताना, उत्तर नसणं हेच उत्तर, असं काहीतरी भारी वाक्य बोलून खिडकीजवळची जागा घेतली. बाहेर शाळेच्या मैदानात पाणी साचलं होतं. तिला फार हलकं वाटत होतं.

घरात मागच्या पडवीत तेव्हा कोशांची तीन पोती उभी होती. इतर महिन्यांत कोसे येतात ते वाळून, मरून येतात; जंगलाकडच्या गावांत लोक झाडांवरून उतरवतात, कडक उन्हात घालतात, आणि इथं पोहोचेपर्यंत आतला जीव सुपारीसारखा खडखडत असतो. पहिलं पीक मात्र ऐन श्रावणात निघतं. ऊन नसतं. कोसे तसेच ओले, जिवंत येतात, हातात घेतले तर आत काहीतरी जड, झोपलेलं, कुशीवर वळतं. मग ते इथं वाफेवर द्यावे लागतात. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी उकळायचं, वर कोशांची टोपली, तिच्यावर ओलं बारदान, त्यावर झाकण. अर्धा तास. नाही दिले तर पंधरा-वीस दिवसांत पाखरू कोसा भेदून बाहेर येतं, धागा जागोजागी तुटतो आणि तो कोसा साडीच्या कामाचा राहत नाही. म्हणजे ज्या एका महिन्यात सगळं गाव जीव मारायचा नाही म्हणतं, बरोबर त्याच महिन्यात या घरात जीव मारला जातो, बाकी अकरा महिने नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे असं चालू होतं आणि कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. यायला तृप्तीचा साबुदाणा लागला. कीर्तीला तो आवाज लहानपणापासून माहीत होता. झाकण ठेवल्यावर थोड्या वेळानं टोपलीतून बारीक सळसळ यायची, पत्र्यावर पाऊस सुरू होताना येते तशी, आणि मग ती थांबायची. सहा वर्षांची असताना तिनं बाबांना विचारलं होतं, ते आत काय करून राहिले. बाबा म्हणाले होते, आंग धुऊन राहिले. तिला ते पटलं होतं. आपल्यालाही गरम पाण्यानं आंघोळ घालताना आपण असेच वळवळतो. नंतर केव्हातरी पटेनासं झालं असेल, पण केव्हा ते काही आठवत नाही. दुधाचे दात पडलेले आठवतात, हे आठवत नाही. आता खिडकीजवळ बसून, पुढं भूमितीची आकृती चाललेली असताना, तिला आणखी एक गोष्ट आठवली. नंतरच्या वर्षांत वाफ द्यायच्या वेळी घरात कधी कोणीच नसायचं. बाबांना तेव्हाच दुकानात काम निघायचं. आई तेव्हाच देवळात जायची. कीर्तीला तेव्हाच शिकवणी असायची. पडवीत असायची एकटी रुखमिणी.

रुखमिणी कारध्याची, नदीपलीकडची. कीर्तीच्या जन्माच्या आधीपासून या घरात कोसे उकळायला आणि सूत काढायला येणारी. पडवीत भिंतीला टेकून, लुगडं मांडीवर सारून, पाच-सहा कोशांचे तंतू एकत्र धरून तळहातानं मांडीवर वळत जायची, आणि तिच्या हातातून मधाच्या रंगाचा धागा निघत जायचा, जणू तिच्या मांडीतच कुठं तरी तो गुंडाळून ठेवलेला आहे. तिची उजवी मांडी नदीतल्या दगडासारखी गुळगुळीत झाली होती. लहानपणी कीर्तीनं एकदा त्यावर बोट फिरवून पाहिलं होतं आणि रुखमिणी हसून म्हणाली होती, घासून घासून माही कातडी तुह्या मायच्या साडीत गेली.

बाबांनी घरात तीन दिवस वाफेचं नाव काढलं नाही. पोती तशीच उभी राहिली. ते सकाळी गोळ्या घ्यायचे, पडवीत जायचे, एका पोत्यावर हात ठेवायचे आणि हात एकदम काढून घ्यायचे, जसं कोणी झोपलं असताना चुकून त्याच्यावर हात पडावा. कीर्तीला हे दिसत होतं आणि ती त्याकडे लांबून पाहत होती. आपल्या एका वाक्यानं एवढा मोठा माणूस हलतो, यात भीती होती थोडी, आणि गोडीही होती. दुकानात त्यांनी तो प्रश्न आल्यागेल्याला सांगितला. म्हणे, आमच्या पोरीनं विचारलं अन् माह्याजवळ जबाब नाई. लोक कौतुकानं मान हलवायचे. एक गिऱ्हाईक म्हणे, पोरगी वकील होते तुमची. बुधवारी संध्याकाळी बाबांनी चहा पिता पिता सांगून टाकलं, की या श्रावणात घरी वाफ होणार नाही. करुणाचा, म्हणजे आईचा, नवस आहे, शब्द दिला आहे, तो पुरा पाळू. आईनं पदरानं डोळे पुसले आणि कीर्तीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि कीर्तीला वाटलं की मंचावरून खाली उतरताना वाटतं ते हेच. गुरुवारी शाळेतून आली तेव्हा पडवी रिकामी होती. फरशीवर तीन पोत्यांचे तीन ओले गोल होते. पोती कुठं गेली विचारलं, तर पाठवून दिली, असं बाबा म्हणाले. तिनं ते परत जंगलाकडे असं धरलं. असं धरावंसं वाटलं म्हणून धरलं. रुखमिणीही दिसत नव्हती, तर आई म्हणाली, तिलेबी श्रावण हाये. तेही बरोबरच होतं.

फक्त एक कोसा राहिला होता. तो कीर्तीनं पहिल्याच दिवशी पोत्यातून काढून कंपासपेटीत ठेवला होता, तृप्तीला दाखवायला. मग तो कंपासपेटीत मावेना म्हणून टेबलावर, पेन ठेवायच्या डब्यात. रविवारी सकाळी ती उठली तर डब्याच्या काठावर एक पाखरू बसलेलं. तळहाताएवढं. रंग वाळलेल्या पानाचा, आणि प्रत्येक पंखावर एकेक गोल, काचेसारखा आरपार डोळा, ज्यातून खालची वही दिसत होती. ओळी आखलेल्या. पंख अजून पुरते वाळले नव्हते, ते हळूहळू उघडत मिटत होते, श्वास घेतल्यासारखे. इतक्या वर्षांत, कोशांच्या घरात राहून, तिनं हे कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं म्हणजे पाहू दिलं गेलं नव्हतं. ते दिसणं म्हणजे घराचं नुकसान. ती कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. मग तिच्यातली नेहमीची कीर्ती जागी झाली आणि तिनं बशीत साखरेचं पाणी आणलं, पेरूची फोड आणली, दारच्या बोरीचं पान आणलं. पाखरू कशाकडे वळेना. त्याच्या पायांशी साखरेचं पाणी तसंच राहिलं, त्यात मुंग्या आल्या. दुपारी दारात ऑटो थांबला. ऑटोवाल्यानं एक कापडी गाठोडं दिलं, ते आईनं घेतलं आणि बाबांच्या मागापाशी ठेवलं. गाठोड्यात सुताच्या लडी होत्या. ताज्या सुताचा रंग जरा हिरवट असतो, आणि त्याला वास असतो, ओल्या बारदानाचा, उकळलेल्या पानांचा, आणि त्याच्याही खाली आणखी एक, ज्याला नाव द्यायची गरज या घरात कधी कोणाला पडली नाही. कीर्तीनं एक लडी नाकाशी नेली. आईला विचारलं, हे कोणाचं. आई म्हणाली, रुखमिणीनं धाडलं, आणि लगेच भाजी पाहायला आत गेली. भाजी चुलीवर नव्हतीच. कीर्तीला कळलं होतं. पण कळलेलं तिनं तिथंच उभं करून ठेवलं, पुढं सरकू दिलं नाही. शाळेच्या रांगेत मुलांना उभं करतात तसं. पाखरू काय खातं एवढंच आपल्याला विचारायचं आहे, असं तिनं ठरवलं, आणि ते रुखमिणीमावशीलाच माहीत असणार.

सोमवारची अर्धी शाळा. चपलेच्या खोक्याला भोकं पाडून, त्यात पाखरू ठेवून, खोकं सायकलच्या टोपलीत दप्तरावर बांधून ती निघाली. पुलावर वारा होता. खाली वैनगंगा गढूळ, रुंद, कुठंही न जाणारी वाटावी अशी वाहत होती. मोठे ट्रक जवळून गेले की पूल अंगात थरथरायचा आणि खोक्यात पंखांची फडफड व्हायची, आणि कीर्तीला वाटायचं की आपणही एका खोक्यात आहोत आणि कोणीतरी आपल्याला कशाच्या तरी उत्तरासाठी घेऊन चाललं आहे. सकाळी आईनं उपासाची भगर खाऊ घातली होती. आई-बाबांचा सोमवार कडक होता, संध्याकाळी सुटायचा. बाबा सकाळीच म्हणाले होते की आता त्यांना मटणाची आठवणसुद्धा येत नाही, आणि म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं, की कीर्तीनं पाहणं टाळलं.

रुखमिणीचं घर गल्लीच्या शेवटाला. लांबूनच तो वास आला. अंगणात तीन दगडांवर गंज चढवलेला होता, रुखमिणीच्या घरचा, कीर्तीच्या पडवीतल्या गंजाच्या अर्धाही नसेल एवढा. वर टोपली, बारदान, झाकण, झाकणावर दगड. भिंतीशी पोती. एक रिकामं होऊन घडी घातलेलं, एक अर्धं, एक भरलेलं, आणि तिन्हींवर बाबांच्या हातची निळी खूण. कीर्ती सायकल धरून उभी राहिली. मनात उभ्या केलेल्या रांगेतलं पहिलं मूल आपोआप पुढं आलं. झाकणाखालून ती सळसळ येत होती, पत्र्यावर पाऊस सुरू होतो तशी, आणि आभाळ अगदी कोरडं होतं. रुखमिणीनं वळून पाहिलं. तिचे केस ओले होते, लुगडं ओलं होतं, आणि चेहरा असा, की त्यावर दोन दिवसांचा थकवा एका दिवसात येऊन बसला असावा.

“ये बाई. तुह्या बापानं धाडलं काय?”

कीर्तीनं नकारार्थी मान हलवली आणि खोकं उघडून दाखवलं. मी हे विचारायला आली, म्हणाली. हे काहीच खाऊन नाही राहिलं.

रुखमिणीनं हात पुसून पाखरू बोटावर घेतलं. तिच्या बोटावर ते लगेच स्थिर झालं, जसं ओळखीचं घर. तिनं त्याला उलटं करून, डोक्याखाली नख दाखवत म्हटलं, “पाह्य इकडं. तोंडच नसते याले. पोटात जे हाये त्याच्यावर आठ-दहा दिवस जगते, अंडे देते, खलास. जनमभराचा निर्जळा. आपल्यावाणी एका सोमवारचा नाई.”

मग तिनंच सांगितलं की तिचाही सोमवार आहे. न विचारता सांगितलं, गंजाखालचं लाकूड सारत, जसं आज बाजारात कांदे नव्हते असं सांगावं. ती नेहमीच श्रावणातले सोमवार पाळते, कीर्तीच्या जन्माच्या आधीपासून, कारध्याच्या महादेवात बायकांचं भजन असतं त्यात टाळ तिच्या हातात असतो. भंडाऱ्याला, कीर्तीच्या घरी, वाफ द्यायची तेव्हा सोमवार टाळून द्यायची. मंगळवार-बुधवार करून घ्यायची, तिथंच पडवीच्या मोरीत आंघोळ करून घरी यायची, आणि इथं कोणाला काही वास नव्हता. यंदा पोती एकदम आली, चार दिवस उशिरा आली. सोमवार टाळला असता तर निम्मे कोसे फुटले असते, आणि फुटलेल्या कोशांचं भाऊंना, म्हणजे बाबांना, काय सांगायचं. म्हणून सकाळपासून तीन घाणे झाले. दर घाण्याला एक आंघोळ. सकाळी देवळात गेली तर बायका बोलल्या, वाईट नाही बोलल्या, फक्त एवढंच, की रुखमिणी, तुह्या लुगड्याले वास येऊन राहिला, देवाजवळ कसं बसवावं, पोळ्यानंतर येजो. टाळ आता दुसरीकडे आहे. हे सगळं सांगताना ती लाकडाकडे पाहत होती. कीर्तीनं विचारलं की तिनं बाबांना नाही का म्हटलं नाही. तिनं लाकूड आणखी आत सारलं. झाकणाखालचा आवाज थांबला होता, आणि तो थांबला हे दोघींनाही एकाच वेळी कळलं.

“भाऊनं हात जोडले मले. दुकानात, लोकाईपुढं. म्हणे, रुखमिणीबाई, डॉक्टरनं माहा जीव वाचवला, आता माह्यानं कोनाचा जीव घेववत नाई. रडले. मंग काय म्हणू मी? आधीबी मीच घेत होती ना, ते थोडी घेत होते.” तिनं पाखरू कीर्तीच्या मनगटावर ठेवलं. “तुमच्या घरचा श्रावण माह्या आंगणात आला, एवढंच झालं. कोनं तरी म्हणे प्रश्न इचारला होता घरी.”

तिला माहीत होतं की नव्हतं, हे तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. कीर्तीनं म्हटलं, मी विचारला होता. आणि तो सापडलेला आवाज एकाएकी कुठं तरी ठेवून विसरल्यासारखा झाला. आठवीतला, हजेरीचा, दाटलेला गळा तेवढा शिल्लक राहिला. तिला अंजूचं हसणं आठवलं. खिडकीजवळची जागा आठवली, तिथून दिसणारं साचलेलं पाणी. आपण विचारलं तेव्हा आईनं मागच्या दाराकडे पाहिलं होतं, ते पडवीकडे नव्हतं, ते रुखमिणीकडे होतं, रविवारी ती नसते तरी ती बसायची त्या जागेकडे. आईला त्याच क्षणी सगळं दिसलं होतं, कुठून कुठं जाणार ते. बाबांना तीन दिवस लागले. आपल्याला आठ. आणि या आठ दिवसांत आपण एकदाही, अगदी एकदाही, मावशीचा श्रावण असतो का, हे कोणाला विचारलं नाही. कोसे जिवंत आहेत का, ते विचारलं. तिच्या मनगटावर पाखराचे पाय बारीक टोचत होते. त्याला वजन असं नव्हतंच.

तिनं म्हटलं की उरलेली पोती मावशीनं उद्या परत आणावीत. आपल्या पडवीत. रुखमिणी हसली, दात न दाखवता.

“तुह्यं कोन आयकते घरात?”

“आयकतीन.”

“आन् वाफ कोन देईन? तुहा बाप दुकानात जाईन, माय देवळात. मंग पुन्हा मीच ना. तुमच्या नवसाच्या घरात बसून.” तिनं फडकं घेतलं, झाकणावरचा दगड बाजूला केला. “इचारता येते तुले, बाई, चांगलं येते. पण हे,” आणि तिनं झाकण उचललं, वाफ दोघींच्या मधून उभी वर गेली, “हे कधी ठेवून पाह्यलं काय?”

कीर्तीनं टोपलीत पाहिलं. कोसे होते तसेच होते. जरा गडद झालेले, ओले, एकमेकांना टेकून. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. नाकात वास गेला, डोळ्यांना वाफ लागली, आणि फार शांतपणे तिला हे दिसलं की यांच्यातून उद्या साडी होईल, तिच्यावर बाबांनी घातलेला काठ असेल, कोणीतरी ती देवाला जाताना नेसेल. सोवळं म्हणून. कोसा म्हणजे सोवळ्याचं वस्त्र. तिनं हात पुढं करून एक कोसा उचलला. गरम होता, फार गरम, पण सोडला नाही. हलवून पाहिला. आत कोणी वळलं नाही.

जाताना तिनं पाखरू अंगणातल्या बोरीच्या खोडावर ठेवलं. ते तिथं सालीसारखं चिकटून बसलं, आणि चार पावलांवरून पाहिलं तर दिसेनासं झालं. रुखमिणी पुढचा घाणा भरत होती. कीर्ती म्हणाली, आता थांबा मावशी, आज सोमवार आहे. रुखमिणीनं हातातल्या कोशांकडे पाहिलं, अर्ध्या पोत्याकडे पाहिलं, आणि ते कोसे पोत्यात परत टाकले. फुटले तर फुटतीन दहा-पाच, म्हणाली. मग गंजाखालचं लाकूड ओढून त्यावर पाणी शिंपडलं. धूर निघाला. तेवढ्या धुरात कीर्तीनं सायकल वळवली.

पुलावरून परत येताना तिनं वाक्यं जुळवली. सवयीनं. सुरुवात कशी करायची, कुठं थांबायचं, शेवट कुठं उचलायचा. आईनं नवस कबूल केला ती पांढरी गल्ली तिच्या डोळ्यांपुढं आली, कागदी पेल्यातलं गार पाणी, आणि दाराआड बाबा, त्यांच्या छातीत त्या वेळी जाळी सरकवली जात होती. तेव्हा तीही मनात काहीतरी बोलली होती देवाशी. काय बोलली ते आता आठवेना, पण बाबा हवे होते, एवढं पक्कं. कोणाच्याही बदल्यात हवे होते. ती आठवण आली आणि जुळवलेली सगळी वाक्यं एकेक करून पुलावरून खाली गेली. बाबांना भीती वाटते, एवढीच गोष्ट आहे. ते आता जिना चढताना मध्ये थांबतात आणि भिंतीवरचा फोटो पाहत असल्यासारखं करतात. आपण जे सांगणार आहोत त्यानं ते आणखी घाबरतील. सांगितलं नाही तर उद्या पुन्हा ऑटो येईल, गाठोडं घेऊन. तिच्या बोटांना चटका बसला होता, तिथं आता ठणका होता, लहानसा, नियमित.

घरी पोहोचली तेव्हा सोमवार सुटायची तयारी चालली होती. आईनं पाट मांडले होते. वरण, भात, भाजी, आणि बाबांसाठी वेगळ्या वाटीत पाटोडीचा रस्सा, कालचा, कारण दुसऱ्या दिवशी तो जास्त लागतो. बाबा आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून बसले होते आणि नैवेद्याचं ताट देवापुढून यायची वाट पाहत होते. त्यांनी विचारलं, कुठं गेलती. तिनं सांगितलं, कारध्याले. आईच्या हातातला चमचा वाटीत तसाच राहिला. बाबांनी कीर्तीकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे, मग कपड्यांकडे, आणि तिच्या अंगाला तो वास येत होता हे त्यांना लागलीच कळलं. तीस वर्षं कोशांत काढलेल्या माणसाचं नाक. कीर्ती पाटावर बसली नाही. उभीच राहिली. आवाज काढला तो मंचावरचा नव्हता, आणि आठवीतलाही नव्हता, जरा खरखरीत होता, धुरानं झाला असेल.

“बाबा, रुखमिणीमावशीचाबी सोमवार होता आज. तिले देवळातून वापस धाडलं.” ती थांबली. “मटण तुमी नोकाच खाऊ. आईचा नवस हाये, तो ताटापुरता तसाच राहू द्या, मीबी पाळीन. पण उद्या पोते आपल्या पडवीत येऊन राहिले, मी सांगून आली. मावशी फक्त सूत काढंल. तुमी दुकानात जायचं असंल तं जा, आईनं देवळात जावं. मी घरी राहीन. झाकण मी ठेवीन.”